बुर्जी झालेला डाव

आमच्या दारासमोर तात्यांचं दार होतं. मधे वीस पावलांचं अंगण, अंगणात एक कडुलिंबाचं झाड, झाडाखाली दगडी ओटा आणि ओट्याच्या कडेला दोन्ही घरांचा मिळून एक रांजण. तात्या म्हणजे आप्पांचे, माझ्या वडिलांचे, सख्खे धाकटे भाऊ. सकाळी आप्पा खाकरत बाहेर यायचे, तात्याही बाहेर यायचे, आणि एकाच लिंबाच्या काड्या चावत दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. चार वर्षं त्यांच्यात अबोला होता. अबोला म्हटलं की लोकांना वाटतं, घरात शांतता असेल. आमच्या अंगणात उलट फार बोललं जायचं, फक्त ते भलत्याच कुणाला तरी उद्देशून असायचं. विहिरीवर आज पाळी कुणाची हे आप्पांना विचारायचं असलं, की ते गाईच्या पाठीवरून हात फिरवत मोठ्यानं म्हणायचे, "आज पानी कोन धरनार हाय, कुनाला ठावं!" समोरून तात्या पायातला जोडा काढून त्यातला खडा झटकायचे आणि त्या जोड्याला सांगायचे, "म्या धरतो की. कालच म्हनलो न्हवं." गाय आणि जोडा यांच्या मध्यस्थीनं आमची शेती चार वर्षं चालली.

आई आणि काकू यांनी या भानगडीत कधी भाग घेतला नाही. त्यांना तेवढा वेळ नव्हता. आईच्या हाताचं येसर, म्हणजे आमटीला लावायचं भाजक्या धान्याचं मसालेदार पीठ, साऱ्या आळीत नावाजलेलं होतं. येसराची आमटी झाली की पहिली वाटी पदराखाली झाकून काकूकडे जायची आणि तीच वाटी परत येताना तिच्यात शेंगदाण्याची चटणी असायची. आप्पा ती चटणी भाकरीवर घेऊन खायचे आणि विचारायचे, "आज चटनीला लसून लई घातलाय, काय गं?" आई म्हणायची, "हां, जरा जास्तच पडला." कुणाच्या घरची चटणी आहे हे त्यांना पहिल्या घासातच कळायचं. कळूनही ते दोनदा मागून घ्यायचे.

भांडण झालं ते एका मतावरून. आप्पा ग्रामपंचायतीला उभे राहिले होते आणि एका मतानं पडले. एक मत! पन्नास मतांनी पडले असते तर चार दिवस गावाला शिव्या देऊन मोकळे झाले असते. एका मतानं पडलेला माणूस मात्र ते मत शोधत राहतो. कुणीतरी येऊन सांगितलं, की मतदानाच्या सकाळी तात्या समोरच्या पार्टीच्या जीपमधे बसलेले दिसले. आप्पांनी भर ओट्यावर, चार लोकांसमोर भावाला विचारलं, "तू कुनाला दिलंस रे?" तात्या उत्तर न देता उठून गेले. असं विचारलंच कसं, हा तात्यांचा राग. उत्तर का दिलं नाही, हा आप्पांचा. ते मत कुणाचं होतं हे मला आजही माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर चार-सहा महिन्यांनी त्यांनाही त्या मताचं काही राहिलं नव्हतं. उरला होता तो फक्त आधी कोण बोलणार हा प्रश्न.

त्याआधी मात्र आमचा ओटा बुद्धिबळाचा होता. दुपारची जेवणं झाली, की दोघं भाऊ समोरासमोर बसायचे. पट कापडाचा, आईनं लाल आणि पांढरे तुकडे जोडून शिवलेला. मोहरी गावच्या सुतारानं बाभळीच्या लाकडाची केलेली, निम्मी गेरूनं रंगवलेली, निम्मी तेल पाजून काळी केलेली. उंट आणि प्यादं यांत फारसा फरक नव्हता, उंट तेवढा बोटभर उंच. आप्पांची चाल बैलगाडीसारखी, रांगेनं प्यादी पुढे रेटत न्यायची. तात्या घोड्यांवर जीव टाकायचे. मला खेळ शिकवला तो तात्यांनी. मुलीला कशाला शिकवतोस, असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "तिला तरी हरवू द्या मला, दादाला काय जमंना."

आमचा खेळ देशी होता. प्यादं एका वेळी एकच घर चालायचं आणि पलीकडच्या टोकाला पोचलं की मोठं मोहरं व्हायचं. शिवाय आमच्यात बुर्जी होती. समोरच्याचं सगळं मारत गेलात आणि त्याचं शेवटचं मोहरंही मारलंत, की त्याचा राजा एकटा पडतो. एकट्या राजावर मात करायची नाही. डाव तिथंच बुर्जी, म्हणजे सुटला, कुणी जिंकलं नाही आणि कुणी हरलं नाही. त्यामुळे जिंकत आलेल्या माणसालाच जास्त जपून खेळावं लागायचं. समोरच्याचं निदान एक तरी मोहरं जिवंत ठेवून त्याला मात द्यायची. आणि याच्यातच एक रीत होती. जिंकणारा भरात येऊन शेवटच्या मोहऱ्याला हात घालायला लागला, तर हरणाऱ्यानं स्वतःहून सांगायचं, "बुर्जी होतीया हां." मग पहिला जीभ चावून हात मागे घ्यायचा. मोहऱ्यावरून हात सुटला नाही तोवर चाल बदलता यायची. सांगितलं नाही तरी बुर्जी ही बुर्जीच धरली जायची, पण न सांगणाऱ्याला ओट्यावर कुणी चांगलं म्हणत नसे. माझा नातू सुटीला आला की मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो, समोरच्याचं एकूण एक मोहरं गिळतो आणि मग निवांत राजाच्या मागे लागतो. मी त्याला बुर्जी सांगितली तेव्हा तो म्हणाला, "आजी, हरणाऱ्यानं का सांगायचं? त्याचा तर फायदा आहे." मी त्याला समजावायला बसले आणि अर्ध्यातच गप्प झाले, कारण मला ओट्यावरची ती दुपार आठवली.

अबोला झाला त्या दिवशी पट आमच्या घरात होता आणि मोहऱ्यांची पिशवी तात्यांच्या. कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही. आमच्या फळीवर रिकामा पट, त्यांच्या खुंटीला नुसती पिशवी, असा चार वर्षांचा संसार. आप्पांनी खेळणंच सोडलं. तात्यांना ते जमेना. ते बाजाराच्या दिवशी केजला जायचे, तिथं तहसिलीसमोरच्या एका चहाच्या हॉटेलात कारकून मंडळी पुस्तकी नियमानं खेळायची, त्यांच्यात बसायचे. काकू आईला सांगायची, "बाजारात पिशवी रिकामी न्हेत्यात आन् रिकामीच घिऊन येत्यात. इच्यारलं तर म्हनत्यात, डाव लांबला."

मग माझं लग्न ठरलं. उमापूरकडचं स्थळ, मुलगा एस.टी.त कंडक्टर. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला तो आवडला होता, हे त्या काळी बोलून दाखवायची सोय नव्हती म्हणून इथं बोलून घेते. घरात शेवयांच्या परड्या, कुरडयांची पातेली, दारात वाळत घातलेली हळकुंडं. बायका जात्यावर बसायच्या, काकूही येऊन बसायची, दळता दळता सगळ्यांची नावं घेऊन गाणी म्हणायची, आणि तात्यांच्या नावाशी आलं की सगळ्याजणी एकदम जात्यात दाणे घालायला लागायच्या. भावकीत अक्षत कुणी कुठं द्यायची याची यादी आप्पांनी सांगितली आणि मी लिहिली. शिरूरची आत्या, केजचे मामा, थेट परळीपर्यंतची माणसं त्या यादीत होती. समोरचं दार नव्हतं.

मी विचारलं, "आन् तात्या?"

आप्पा म्हणाले, "धाकटा हाय त्यो. त्यानं यावं, बोलावं. म्या न्हाई म्हननार हाय का?"

तिकडून काकूच्या तोंडून उत्तर आलं, "बिनबोलावता जायाला म्या काय वाजंत्री हाय? मोठा हाय तर मोठंपन दाव म्हनावं."

मला तात्यांनी खांद्यावर बसवून केजचा बाजार दाखवला होता. मला गोवर निघाला तेव्हा आप्पा शेतावरून येईपर्यंत तेच उशाशी बसले होते. मी लहानपणापासून हट्टी, आईच्या शब्दांत सांगायचं तर "आडमुठी". लग्न बारा दिवसांवर आलं असताना मी चुलीपुढे बसून सरळ सांगितलं, "तात्या आले न्हाईत तर मी मांडवात हुबी ऱ्हानार न्हाई." आईच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. आप्पांनी ताट सारलं. "मग नगं हुबी ऱ्हाऊ. उद्याच्या पयल्या गाडीनं उमापूरला जातो आन् लगीन मोडलं म्हनून सांगून येतो." ते नुसते बोलणारे नव्हते. मला रात्रभर तीच पहिली गाडी दिसत होती आणि तरीही शब्द मागे घ्यावासा वाटत नव्हता. हट्ट करणाऱ्यालाही भीती वाटते, एवढंच त्याला कुणी विचारत नाही.

सकाळी आप्पा निघण्याआधी मी शेतात गेले, बिरूमामांकडे. बिरूमामा मेंढरंवाले, माझे सख्खे मामा नव्हेत, सारं गावच त्यांना मामा म्हणायचं. दर उन्हाळ्यात त्यांचा कळप खतासाठी आमच्या रानात बसायचा, आठ दिवस आप्पांच्या आणि आठ दिवस तात्यांच्या. दोन्ही घरची भाकर खाणारा आणि दोघांनाही झाडणारा तो एकटाच माणूस. मी रडत सगळं सांगितलं. ते कोकराच्या पायातला काटा काढत ऐकत होते. काटा निघाला, कोकरू पळालं, तेव्हा म्हणाले, "कुनी आधी बोलावं, एवढंच अडलंय न्हवं? मग दोगंबी खेळनारे हायती की. खेळू द्या. जो हारंल त्यानं दुसऱ्याच्या दारात जायचं आन् आधी बोलायचं."

दोघांनीही ते लगेच मान्य केलं, कारण आपण हरू असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं. आप्पांची उमापूरची गाडी त्या दिवसापुरती राहिली.

दुपारी चार वर्षांनी पट आणि पिशवी एका ओट्यावर आली. बिरूमामांनी अटी सांगितल्या. एकच डाव. बघणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, उघडलं तर तो ज्याच्या बाजूचा त्याचा डाव गेला. मग अडचण निघाली शहाची. शह द्यायचा म्हणजे 'शह' म्हणावं लागणार, आणि म्हटलं की तो आधी बोलला. यावर दहा मिनिटं खल झाला. शेवटी बिरूमामा वैतागून म्हणाले, "शह द्याचा आसला तर ओट्यावर बोट वाजवा. झालं?" बुर्जी कशी सांगायची हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

मी आमच्या उंबऱ्यावर शेवयांची परडी घेऊन बसले होते, तिथून पट नीट दिसायचा. आई दाराआड, काकू तिच्या दाराआड. आळीतले सात-आठ पुरुष भिंतीला टेकून. लांब पिठाच्या गिरणीचा आवाज चालू होता, तेवढा एकच. पहिल्या चाली पटापट झाल्या, चार वर्षं हातात दाबून ठेवल्यासारख्या. आप्पांनी सवयीनं प्यादी रेटली. तात्यांचा घोडा कुंपणावरून उडी मारावी तसा बाहेर आला. पाऊण तासात दोन्ही वजीर पटाबाहेर गेले आणि भिंतीशी बसलेल्यांपैकी कुणीतरी श्वास सोडला, तर बिरूमामांनी काठी उचलून त्याच्याकडे पाहिलं.  मी कुणाच्या बाजूनं आहे हेच मला कळत नव्हतं. कुणीही हरो, पण हरो, एवढंच मी देवाला म्हणत होते. कुणीतरी हरलं की अक्षत जाणार, तात्या येणार, माझं लग्न होणार. माझ्यासाठी वाईट निकाल असा नव्हताच.

टक टक. तात्यांचं बोट ओट्यावर वाजलं. शह. आप्पांनी राजा हलवला आणि त्या घाईत त्यांचा हत्ती उघडा पडला. तात्यांच्या घोड्यानं तो खाल्ला. तिथून डाव एका बाजूला कलत गेला. एकेक करून आप्पांची लाल मोहरी पटाच्या कडेला जमायला लागली. आप्पा हरताना फार शांत होत जायचे, हे मला माहीत होतं. गिरणी बंद झाली. सावली ओट्यावरून उतरून रांजणापर्यंत गेली, कुणी चहाचं नाव काढलं नाही.

शेवटी अशी वेळ आली, की आप्पांकडे राजा आणि एक प्यादं उरलं. तात्यांकडे राजा, एक हत्ती, एक घोडा. आप्पांचा राजा कोपऱ्यात कोंडलेला. प्यादं मात्र एकटंच पार पुढं गेलेलं, आणखी दोन घरं चाललं की मोठं मोहरं होणार. चाल तात्यांची होती. मी पट पाहिला आणि मला मात दिसली. घोडा एका उडीत आत आणायचा. आप्पा प्यादं एक घर पुढं नेतील, नेऊ देत. पुढच्या चालीला मात. तात्यांनीच मला अशी मात द्यायला शिकवलं होतं. त्यांना ती दिसायलाच हवी होती.

तात्या बराच वेळ घोड्याकडे बघत होते. मग त्यांची नजर त्या प्याद्याकडे गेली. ते प्यादं त्यांना सुखानं विचार करू देईना. त्यांनी हत्ती उचलला. हत्ती सरळ गेला, प्याद्याच्या घरात बसला, आणि प्यादं त्यांच्या डाव्या मुठीत आलं. केजच्या हॉटेलातल्या पुस्तकी नियमानं ती अगदी शहाण्या माणसाची चाल होती, आधी धोका काढून टाकायचा आणि मग निवांत एकट्या राजाला कोंडायचं. चार वर्षं त्यांचा हात तेच शिकला होता. आपल्या ओट्यावर आपण काय खेळतो हे त्यांचा हात विसरला.

त्यांचं बोट अजून हत्तीवर होतं.

आप्पांनी ते बोट पाहिलं. भिंतीशी बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं. मी पाहिलं आणि पदर दातांत धरला, कारण बघणाऱ्याला बंदी होती. आता आप्पांनी दोन शब्द बोलायचे होते, हजार वेळा बोललेले, "बुर्जी होतीया हां," की तात्या जीभ चावून हत्ती मागे घेणार, घोडा पुढं घेणार आणि जिंकणार. पण ते दोन शब्द बोलणारा आधी बोलणारा ठरणार होता. आप्पांचे ओठ हलले. मी शपथेवर सांगते, हलले. तात्यांनी वर पाहिलं, जणू कशाची तरी वाट बघताहेत आणि कशाची ते त्यांनाच आठवत नाहीय. आप्पांनी ओठ मिटले. तात्यांचं बोट हत्तीवरून सुटलं.

"बुर्जी," बिरूमामा म्हणाले. "डाव सुटला. कुनीच हारलं न्हाई."

तात्यांना कळायला वेळ लागला. त्यांनी पटाकडे पाहिलं, मूठ उघडून त्यातल्या प्याद्याकडे पाहिलं, आणि मग चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सरळ भावाच्या तोंडाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"दादा, कावून सांगितलं न्हाईस रे?"

तळहातावरचं प्यादं त्यांनी आप्पांपुढं धरलं.

"म्या तुला दर बारीला सांगत आलो. पोरं व्हतो तवापास्नं. येकदा बी गप बसलो न्हाई. आन् तू बसलास?"

आप्पा पटाकडेच बघत म्हणाले, "सांगितलं आसतं तर बोलाय लागलं आसतं."

मी आयुष्यात पुष्कळ लोकांची पुष्कळ समर्थनं ऐकली आहेत. त्या एका वाक्याइतकं खरं आणि इतकं लाजिरवाणं दुसरं ऐकलं नाही. तात्यांनी मुठीतलं प्यादं हळूच पटावर ठेवलं. ते उठले, जोडे तिथंच विसरून अनवाणी अंगण ओलांडलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. त्या अंगणात दिवसाउजेडी दार लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकू बाहेरच राहिली होती, ती बंद दाराकडे बघत उभी होती. भिंतीशी बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "काय बी म्हना, आधी तात्याच बोलला." बिरूमामांनी त्याला काठीनं उठवलं आणि सगळ्यांनाच हाकलून बाहेर काढलं.

आप्पा तिथंच बसून राहिले. मी परडी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. वडिलांसमोर अशी उभी मी त्याआधी कधी राहिले नव्हते. सगळा राग त्यांच्यावर होता असंही नाही. मी म्हटलं, "आप्पा, मलाबी दिसलं व्हतं. म्याबी गप बसले."

"तू बघनारी. तुला बंदी व्हती."

"आन् तुमाला कुनी केलती?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हात उठणार. आई दाराआडून "शके!" म्हणून ओरडली. पण त्यांचा चेहरा असा पडला की मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. आईनं धावत कुंकू आणि अक्षतांचं ताट आणलं, ते त्यांनी हातानं बाजूला केलं. रिकाम्या हातांनी ते अंगणातून चालत गेले. वीस पावलं. मी मोजली नाहीत, पण त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला. काकू पदर सावरून बाजूला झाली. त्यांनी कडी वाजवली नाही, हाक मारली नाही. बंद दारासमोर उभे राहून दाराशीच बोलल्यासारखे म्हणाले, "चुकलं माजं. बोलाय पायजे व्हतं म्या."

 आतून तात्यांचा आवाज आला.

"कवा?"

 मला वाटलं, आता पुन्हा आप्पा गप्पच राहणार, आणि यावेळी कायमचे. आई माझा दंड धरून उभी होती, तिची नखं मला रुतत होती. आप्पांनी एक हात चौकटीला टेकवला.

"दोन्ही टायमाला," ते म्हणाले. "तवाबी आन् आजबी."

दार उघडलं. तात्यांनी त्यांना मिठी वगैरे मारली नाही, आमच्याकडे पुरुष तसलं काही करत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "आत ये. उनात कशापायी हुबा ऱ्हायलास?" ऊन केव्हाच उतरलं होतं. आप्पा वाकून आत गेले. काकूनं आईकडे पाहिलं, आईनं काकूकडे, आणि दोघी एकदम रांजणाजवळ खाली बसून रडायला लागल्या. चार वर्षं वाट्या पोचवून दमल्या होत्या बिचाऱ्या. त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणी स्वयंपाक केला नाही. मेंढरांकडे परत निघालेल्या बिरूमामांना मी भाकरी द्यायची विसरले, ते शिव्या देत दुसऱ्या दिवशी आले.

लग्नात तात्या आले हे वेगळं सांगायला नको. पहाटेपासून ते मांडवातच होते. चुलीवाल्याशी भांडले, वाजंत्रीवाल्याशी भांडले, उमापूरच्या माणसांना स्वतःच्या हातानं पाणी दिलं. घोळ झाला तो कन्यादानाच्या वेळी. आप्पा सापडेनात. भटजींनी तीनदा हाका मारल्या, केजचे मामा शोधायला धावले. मांडवामागं, पाण्याच्या पिपांआड, ज्वारीच्या पोत्यांवर बसून दोघं भाऊ बोलत होते. कापडाच्या पलीकडून मला स्पष्ट ऐकू येत होतं. विहिरीचा गाळ, मेलेली पांढरी गाय, केजच्या हॉटेलातला कोण कसा खेळतो, कुणाच्या पोराला नोकरी लागली, आप्पांच्या गुडघ्याचं दुखणं. चार वर्षांत सांगायचं राहिलेलं सगळं, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. मधेच तात्या हसले आणि आप्पा म्हणाले, "आन् तू मला हे आत्ता सांगतुयास?" मामा त्यांना उठवायला निघाले होते. वराकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भटजींनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, मुहूर्त टळतोय, बोलवा लवकर. त्या काळी नवरीनं मान खाली घालून बसायचं असे, बोलायचा तर प्रश्नच नव्हता. मी मान वर केली.

"थांबा वाईच, महाराज," मी म्हटलं. "बोलू द्या त्यास्नी."